आवाज मोठा पाहिजे
यांत्रिक करवतींच्या दुकानात माझ्या पुढे एक झाडं तोडणारा आणि त्याची बायको उभी होती. त्याच्या हातात जुनी मशीन होती आणि पाय एका जागी ठरत नव्हता.

"सगळ्यात ताकदीची मशीन दाखवा. खोडात अडकून बसणारी नको."

"ही घ्या, दादा. कसलंही खोड असू दे, हू की चू करणार नाही."

"दादा म्हणू नका. हिचा सायलेन्सर मोकळा करून मिळेल? ताकद वाढते म्हणे."

"थोडी वाढते. पण कानठळ्या बसतील. कुणाची हाक ऐकू यायची नाही."

"मग करूनच द्या. लवकर."

"अहो, भलतंच काय?" बायको म्हणाली. "झाड कलायला लागलं की दोरी धरणारा ओरडतो, ते ऐकू नको यायला?"

"दोरी आता मी शेजारच्या झाडाला बांधतो."

"ऐकलंत? दोरी धरणारे धाकटे भाऊजी झाडाखाली सापडून गेले, तेव्हापासून यांचं हे असंच. नवा माणूस ठेवा म्हटलं की अंगावर येतात."

"मग तुमच्या हातातली जुनीच का नाही वापरत? नुसती धार लावली तरी झकास चालेल. आवाजही बेताचा."

"तेच तर नको. ही चालू केली की मला अजून ऐकू येतं."

"काय ऐकू येतं?"

"'दादा, दोरी सुटली!'"