नोल्डीचे दहा आणि माझा कोरा कागद

—अरे नाही नाही, पोटावरच झोपायचं, पण असं नव्हे! पुरात वाहून आल्यासारखा काय पडलायस? डावं कोपर बंदुकीच्या बरोबर खाली घे, उजवा गुडघा जरा वर, अजून वर — हां, बेडकासारखा — लाजू नको रे, इथे सगळ्यांचाच बेडूक होतो, आमच्या सरपंचांचासुद्धा. जाकीट आवळतंय? आवळणारच, ते माझ्या सासऱ्यांचं. ते गेले ना गेल्या नोव्हेंबरात — अरे, तोंड काय पाडतोस, ते नाही गेले, त्यांचा खुबा गेला! स्टीलचा बसवलाय, आता पालथं पडता येत नाही, पडले तर उठता येत नाही, म्हणून ते बाहेर उभे राहून सॉसेजेस भाजतायत. म्हणजे जाळतायत. वास येतोय ना, तेच ते. आणि मला ते 'श्रीमती बोश, श्रीमती बोश' करू नको, पोस्टातून नोटीस आल्यासारखं वाटतं. रेगुला म्हण, नाहीतर काकू म्हण.

बंदुकीला भिऊ नको, ती रिकामी आहे. बोल्टच काढून ठेवलाय मी, त्याच्याशिवाय गोळी सुटत नाही, हा बघ, एप्रनच्या खिशात, बटाटे सोलायच्या सुरीशेजारी. चर्चमधली प्रार्थना सुटेपर्यंत आमच्या गावात गोळी झाडत नाहीत. पूर्वी कोणीतरी नेमकी पाद्रीबाबा 'शांती' म्हणाले तेव्हाच झाडली होती, तेव्हापासूनचा हा नियम. तर आपल्याला अर्धा तास आहे, नुसता नेम धरायला शिक. ते मागचं भोक दिसतंय? त्यातून बघायचं. पुढे नळीच्या टोकाला नेमाची माशी आहे, माशीत एक कडं आहे, आणि त्या कड्याच्या मधोमध पन्नास मीटरवरचा काळा ठिपका बसवायचा. बस्स. माझ्या पोरीला, तुझ्या सेराइनाला, मी हे ती आठ वर्षांची असताना शिकवलं. तू किती, तीस? एकतीस? मग जमेल की. झुरिकमधली माणसं तेवढी ढ नसतात, असं मी नवऱ्याला, आमच्या नोल्डीला, कालच सांगितलं.

काय म्हणालास? एकही लागली नाही तर? अच्छा, म्हणजे ती धास्ती आहे होय! तरीच म्हटलं, जावईबापू — बरं बरं, नाही म्हणत जावई — लिनुस, सकाळपासून पेस्ट्रीला हात का लावत नाही. हे बघ, तुला चौथा म्हणून का घेतलंय? कुटुंब-चषकाला एका घरचे चार लागतात, जमलेलं माणूसही चालतं. नोल्डी, मी, सेराइना आणि सासरे, असे आम्ही चार होतो. सासऱ्यांचा खुबा गेला, राहिलो तीन. तीन असलं की यादीतून नाव कट, मग पलीकडच्या फोरर मंडळींना चषक आंदण. त्या फोररांची आजी ब्याऐंशीची आहे, दोन्ही डोळ्यांना मोतीबिंदू, आणि शंभरातल्या नव्वदच्या खाली येत नाही मेली. तेव्हा तू नुसता पडून राहिलास आणि दहा वेळा चाप ओढलास तरी उपकार होतील. शून्य आलं तर आलं. शून्यानं कोणी मरत नाही. मी मेले का? काय सांगतोस, सेराइना बोलली नाही तुला? अख्ख्या खोऱ्याला ठाऊक आहे आणि तुला नाही?

आत हॉलमध्ये गेलास ना, बिअरच्या नळाच्या वर दोन फ्रेमा आहेत. एकीत लक्ष्याचा कागद आहे, बरोबर मधोमध एकच भोक. मधोमध लागली की दहा गुण, ते नोल्डीचे दहा. अठ्ठावीस वर्षांपूर्वीची शेवटची गोळी, त्या गोळीनं बोश घराण्याला चषक मिळाला. आणि दुसऱ्या फ्रेमेत नुसता कोरा कागद. तो माझा! पाहुण्यांना वाटतं फोटो घालायचा राहिलाय. तेव्हा शेवटची गोळी वेगळ्या कागदावर मारायची पद्धत होती. नोल्डी चार नंबरच्या लेनमध्ये, मी पाचच्या. आमचं जमून पाच महिने झालेले. मी वरच्या गावची, चीजवाल्याची मुलगी, जन्मात बंदूक धरलेली नाही, आणि त्यांना चौथं माणूस कमी पडलं म्हणून मला पालथं पाडलेलं. अगदी तुझ्यासारखं. धाड, धाड, दोघांच्या गोळ्या एकदमच सुटल्या. दोरीवरून कागद सरकत आले. त्याच्यात दहा, माझ्यात काहीच नाही, साधा कोपरासुद्धा फाटलेला नाही. लोक इतके हसले, काय सांगू! सासऱ्यांनी दुसऱ्याच दिवशी दोन्ही कागद फ्रेम करून आणले, आणि तेव्हापासून दर वर्षी या दिवशी नोल्डी ग्लास उंच करून तीच गोष्ट सांगतो — 'मी दहा मारले आणि माझ्या राणीनं डोंगर मारला.' दर वर्षी! आणि आज तर त्याला क्लबचं मानाचं सभासदत्व देणार, दोनशे माणसं, म्हणजे आज सुरुवात आजोबा-पणजोबांपासून करणार. मला फ्रेमेखाली उभं राहायचंय, निळा ड्रेस घालून. राहीन. मला काही वाटत नाही.

नाही वाटत म्हटलं ना. तू कड्यात बघ, माझ्याकडे काय बघतोस? — म्हणजे वाटतं रे थोडं. का वाटू नये? गेली अकरा वर्षं या क्लबात माझ्यापेक्षा जास्त गुण एकालाही मिळालेले नाहीत, नोल्डीला तर नाहीच नाही. गावातल्या निम्म्या पोरांना मी शिकवलं. पण बेकरीत जाऊन विचार, रेगुला बोश कोण? 'ती होय, कोऱ्या कागदवाली!' असं आहे सगळं. बरं, आता बघ, ठिपका कड्याच्या डावीकडे सरकलाय ना तुझा? आता काय केलंस? ढकललीस बंदूक उजवीकडे! तेच नाही करायचं. बंदूक ढकलायची नाही, अंग वळवायचं. अख्खा तू वळ, पोटावर, घड्याळाच्या काट्यासारखा. डोळे मिट. श्वास सोड. आता उघड. बंदूक आपोआप जिकडे बघतेय ना, तिकडेच तुझं अंग आहे, आणि अंग असतं तिकडेच गोळी जाते, तू मनात काहीही म्हण. त्या दिवशी माझं हेच झालं. मी पाच नंबरमध्ये पडलेली, पण सगळं अंग चारकडे कलंडलेलं, कारण चारमध्ये कोण होतं? तो! त्याची ती सोनेरी मान दिसत होती. आता टक्कल आहे, पण तेव्हा मान होती. मी कड्यात ठिपका धरला, इतका छान बसला म्हणून सांगू, श्वास सोडला, चाप ओढला, आणि गोळी गेली ती थेट मधोमध—

कुठे म्हणजे? मी म्हणाले मधोमध? डोंगराच्या मधोमध म्हणायचं होतं मला. डोंगराला मध्य असतो की. — असं बघू नको रे माझ्याकडे. झुरिकची माणसं ढ नसतात म्हटलं ते माझंच चुकलं. बरं, ऐक. पण हे जर या चटईच्या बाहेर गेलं तर तुला सॅलडमध्ये काय घालीन ते सांगता येत नाही. सेराइनालासुद्धा ठाऊक नाही. ते दहा माझे होते. हो. मी त्याच्या कागदावर मारली. शेजारच्याच्या लक्ष्यावर मारणं, ही नवशिक्यांची नेहमीची चूक, आजसुद्धा तू करशील. चाप ओढल्याबरोबर मी मान वर केली, तर माशीच्या समोर नंबर दिसला चार. त्याची गोळी कुठे गेली? देवाला माहीत. मागच्या मातीच्या ढिगाऱ्यात. त्याच्या कागदावर माझंच एक भोक, माझ्या कागदावर कोण मारणार, मीच तर तिकडे मारून बसलेली.

मग सांगितलं का नाही? अरे, सांगणारच होते! तोंड उघडलं होतं मी! पण तेवढ्यात तो उठला, धडपडला, कोणाच्या तरी कॉफीत पाय घातला, आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसला. सगळ्यांच्या देखत. पांढराफटक झालेला, आनंदानं हो, आणि खिशातून डबी काढून म्हणाला, 'रेगुला, करतेस का लग्न?' आता तूच सांग, अशा वेळी मी काय म्हणायला हवं होतं? 'करते, पण आधी ते दहा माझे आहेत'? मला वाटलं, हा जिंकलाय म्हणून विचारतोय. त्याच्या वडिलांनी आठवडाभर चालवलं होतं, बोशांचा मुलगा चषक जिंकल्याशिवाय बोहल्यावर चढत नाही. ते गंमतीनं म्हणत असतील, पण मला कुठे ठाऊक? मी म्हटलं, दहा परत घेतले तर अंगठीही परत डबीत जाईल. मग गिळलं. हो म्हटलं. आणि मग एक वर्ष गेलं, मग सेराइना झाली, मग ती फ्रेम भिंतीवर इतकी बसली की उतरवली तर रंगच वेगळा दिसेल. कधीकधी रात्री तो घोरत असतो आणि मला वाटतं, माझा सगळा संसार एका चुकीच्या गोळीवर उभा आहे. हलला तर? म्हणून हसते मी. दर वर्षी सगळ्यांबरोबर.

नाही रे, दुःखाचं काही नाही त्यात. चांगला आहे तो. वेंधळा आहे नुसता. आता हेच बघ, लग्नाचं ठरल्यावर आठ दिवसांनी आम्ही तळ्यावर पोहायला गेलो, तर याच्या बरगडीवर हा एवढा चौकोनी निळा डाग! म्हटलं हे काय, कोणी मारलं तुला? तर म्हणतो, डबी! जाकिटाच्या वरच्या खिशात घातली होती येड्यानं, आणि तिच्यावरच सकाळपासून पालथा पडलेला, प्रत्येक गोळीला बरगडीत रुततेय, तरी बाहेर काढेना, कोणी बघेल म्हणून! मी इतकी हसले, पाण्यात बुडायची राहिले. असा नवरा—

काय? काय म्हणालास? 'म्हणजे डबी आधीपासूनच होती'? होतीच की. सकाळपासून. मी तेच तर सांगतेय, सकाळपासून खिशात—

थांब. थांब जरा. बोलू नको.

सकाळी तर तो कुठे जिंकला होता? सकाळी आम्ही चौथ्या नंबरवर होतो. म्हणजे तो विचारणारच होता. जिंकला असता तरी, हरला असता तरी, एकही लागली नसती तरी. आणि मी अठ्ठावीस वर्षं — अगं बाई. तुला हे किती वेळात कळलं रे? अर्ध्या मिनिटात? झुरिक!

पण मग दुसरी गोष्ट. उठू नको, पडूनच राहा, मला विचार करू दे. बरगडीत डबी रुतत असताना मारलेली गोळी. नोल्डी! जो गोळी सुटल्याबरोबर सांगतो, 'आठ, डावीकडे, खाली', आणि कागद आला की आठ, डावीकडे, खालीच असते. मारणाऱ्याला कळतंच रे, चाप ओढला त्या क्षणी कळतं, मी हेच शिकवते सगळ्यांना, तुलाही शिकवणार होते आत्ता. मग त्याला कळलं नसेल, आपली मातीत गेली? कळलं असणारच! म्हणूनच तो पांढराफटक! आनंदानं कसला, बोंबलायला, घाबरून! मातीत मारली आणि समोर दहा आले, आणि शेजारी कोण पडलं होतं? मी. कोरा कागद कोणाचा? माझा. एवढं गणित तर त्या फोररांच्या आजीलाही सुटेल. आणि हा माणूस अठ्ठावीस वर्षं ग्लास उंच करून सांगतोय, माझ्या राणीनं डोंगर मारला! मी आपली माझंच गुपित पोटाशी धरून बसले, त्यालाही एक असेल हे कधी मनातच आलं नाही. हसू येतंय मला, आणि बटाट्याचं पातेलं त्याच्या डोक्यात घालावंसंही वाटतंय. आणि खरं सांगू, खूप बरं वाटतंय. कुठेतरी इतकं हलकं झालंय ना, आत्ता दिली बंदूक तर शंभरपैकी शंभर मारीन.

ती घंटा झाली. प्रार्थना सुटली. आणि ऐकलंस, तो बघ हाका मारतोय, 'रेगुला, ये, सगळे जमले, ग्लास भरले!' — आले रे, आले! — हा घे बोल्ट, नीट धर, पण तुझ्याकडे ठेवू नको, सेराइनाकडे दे. आणि हे बघ, तिला काही विचारायचं तुझ्या मनात असेल तर आत्ता विचार, एकही गोळी झाडायच्या आधी. कशामुळे विचारलंस, हा घोळ तिच्या डोक्यात अठ्ठावीस वर्षं नको.

नाही, मी काही बोलणार नाही तिथे. दोनशे लोकांसमोर नवऱ्याचं हसं करणारी बाई नव्हे मी. फ्रेमेखाली उभी राहीन, निळा ड्रेस, हसरं तोंड. तो गोष्ट सांगेल, लोक हसतील, मीही हसेन. मग टाळ्या थांबल्या की हळूच, प्रेमानं, त्याला एकट्यालाच कळेल असं, फक्त एवढंच विचारीन — 'नोल्डी, त्या दिवशी डबी कुठल्या खिशात होती रे?'

जा तू आता. अंग झटक, माती लागलीय.