दोन डाव्या बाह्या

(काचेची लांब नळी. आत पाठीवर निजलेले वडील. बाहेर मुलगी आणि यंत्रापाशी बसलेली तंत्रज्ञ. आतलं-बाहेरचं बोलणं माइकवरून.)

तंत्रज्ञ: आणि मोज्यातही काही नाही ना, काका? काल सुई निघाली होती.

वडील: अंगावर सुई नसली की शिंप्याला नागडं वाटतं हो, मॅडम.

मुलगी: बाबा! आत सगळा ऑक्सिजन. ठिणगी पडली म्हणजे?

वडील: जन्मभर सुया टोचून घेतल्या. ठिणगी नाही पडली कधी, नुसत्या शिव्या बाहेर पडल्या.

तंत्रज्ञ: दाब वाढवतेय. कानाला दडे बसले की आवंढा गिळा.

वडील: दुकानाच्या काचेत पुतळा असतो ना, तसा झालोय. तो उभा, मी आडवा, एवढंच.

मुलगी: आणि तो बडबडत नाही.

वडील: चिमणे, खरं सांग. या हवेनं माझं डोकं ताळ्यावर येणार आहे?

मुलगी: डॉक्टरांनी सांगितलंय ना? नस अरुंद झालीय, मेंदूकडे रक्त कमी जातंय. दाबाखाली रक्तात जास्त ऑक्सिजन विरघळतो. म्हणजे जेवढं रक्त पोचतं, त्यातूनच जरा जास्त मिळेल.

वडील: आणि खात्री?

मुलगी: ती नाही दिली. काहींना गुण येतो, काहींना नाही.

वडील: म्हणजे आम्ही गिऱ्हाइकाला सांगायचो तसंच. धुतल्यावर आटलं तर आटेल, नाहीतर नाही.

मुलगी: औषधं चालू आहेतच. हा वरचा एक प्रयत्न.

वडील: बटण्याच्या कोटाला दोन्ही बाह्या डाव्या लावल्या मी. वर तो समोर टांगून बघत बसलो, तरी कळलं नाही. असल्या शिंप्यानं परत कात्री धरू नये.

मुलगी: झालं तुमचं सुरू! त्या कोटामुळेच तर तुम्हाला डॉक्टरकडे नेलं. माझ्या लेकाचे उपकार माना.

तंत्रज्ञ: बटण्या कोण?

वडील: नातू. जन्मला तेव्हा बटणाएवढा होता. आता कुठल्या काजात मावत नाही.

तंत्रज्ञ: गिळा, काका.

वडील: गिळलं. पण इथे उजव्या काखेत ओढतंय.

तंत्रज्ञ: थांबा, दाब आहे तिथेच ठेवते. दोन्ही हात वर करा बरं. मूठ वळा. हसून दाखवा.

मुलगी: मुंग्या येताहेत का? बाबा, माझ्याकडे बघा. बाबा!

वडील: हसतोय की! हाताला काय धाड भरलीय? तुमच्या या गाऊनच्या दोन्ही बाह्या डाव्या आहेत.

मुलगी: मॅडम, माइक बंद करा जरा... झाला? अहो, तो कोट त्यांच्या डोक्यातून जातच नाही. आता सगळीकडे डाव्या बाह्याच दिसायला लागल्या वाटतं. सकाळी इतके चांगले होते.

तंत्रज्ञ: हात तर नीट उचलले. बोलणंही स्वच्छ आहे. त्याच गठ्ठ्यातला हा दुसरा गाऊन घ्या. बघा तरी.

मुलगी: काय बघायचं त्यात... थांबा. पुढची गोलाई खोल असते, मागची उथळ. शिलाई मशीनखाली खेळत मोठी झालेय मी, एवढं कळतं. ही डावी. आणि ही... अगं बाई! हीसुद्धा डावीच!

तंत्रज्ञ: काय सांगता! केव्हापासून हेच गाऊन घालतोय सगळ्यांना. कुणी चकार शब्द काढला नाही.

मुलगी: माइक लावा, माइक लावा. बाबा!

वडील: रडतेस कशाला? शिवण वाईट आहे, पण रडण्याइतकी नाही.

मुलगी: तुम्हाला कळलं, बाबा. न बघता, नुसतं अंगावर कळलं.

वडील: ऐकलंत ना, मॅडम? वाढवा दाब, गुण येतोय!

तंत्रज्ञ: एका बाहीवरून मी काही बोलणार नाही हं. आधी स्कॅन होऊ दे.

वडील: शाबास. आमच्यातही ट्रायल घेतल्याशिवाय शेवटची टीप मारत नाहीत... चिमणे, तो कोट टाकलास का गं?

मुलगी: तोच घालून पाळणाघरात गेलाय तो आज.

वडील: तसाच? अगं, माझी लाज तरी राखायचीस!

मुलगी: उजवा हात सारखा पाठीमागे ओढलेला असतो. जो तो विचारतो, काय रे लपवलंस? तो खुश.

वडील: घरी गेलीस की ती बाही उसव.

मुलगी: आणि नवी कोण कापणार?

वडील: कात्री कुठाय?

मुलगी: माळ्यावर. डोळ्यांसमोर नको, असं तुम्हीच बजावलं होतं.

वडील: खाली काढ. आणि माझ्या शेजारी बस. चुकलो तर टोक.

मुलगी: टोकायला तर मी जन्मलेच आहे. कापड उरलंय थोडं, आधीच्या मापाला पुरेल.

वडील: आधीचं माप कशाला? संध्याकाळी त्याला माझ्यापुढे उभा कर. एवढ्यात हात वाढला असेल त्याचा.