चारशे बारावी चाचणी

समारंभाचे अध्यक्ष आणि आपल्या रुग्णालयाचे अधीक्षक साहेब, व्यासपीठावरचे पाहुणे, कानाचे सर्जन डॉक्टर, आजच्या सत्कारमूर्ती, म्हणजे आज निवृत्त होणाऱ्या संगणक विभागाच्या आपल्या बाई, बाईंच्या घरची मंडळी, आणि चहा भाषणांनंतर मिळणार हे कळूनही खुर्ची न सोडणाऱ्या माझ्या सहकाऱ्यांनो, सर्वांना सविनय नमस्कार.

मी रेकॉर्ड रूमचा माणूस. एकवीस वर्षं फायलींच्या सहवासात काढली. फायली उलट उत्तर देत नाहीत, त्यामुळे माणसांसमोर बोलायची सवय मोडली आहे. सांभाळून घ्या.

बाईंना आपण पाठीमागे 'सूचनाबाई' म्हणतो. असे दचकू नका, त्यांना माहीत आहे. पाण्याचा नवा कूलर आला, तेव्हा त्याची पुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचून होईतो सबंध मजला तहानलेला बसला होता, तेव्हापासूनचं ते नाव. मीही त्यांची यथेच्छ टिंगल केली आहे. आणि म्हणूनच आज मला बोलायचं आहे.

गेल्या वर्षीची गोष्ट. माझ्या थोरल्या ताईचे दोन्ही कान गेले होते. तिनेच मला बोट धरून शाळेत नेलं, माझे पाढे घेतले. आणि आता तिच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहावं लागायचं. आपल्या पाहुण्या डॉक्टरांनी तपासलं आणि म्हणाले, "एका कानात यंत्र बसवता येईल. पण जो कान अलीकडेपर्यंत ऐकत होता, त्यातच बसवायला हवं. दुसऱ्यात फारसा उपयोग होणार नाही."

आता दोन्ही कान सारखेच ठप्प. आधी कुठला गेला? पाटीवर विचारलं. ताई सोमवारी म्हणाली डावा, मंगळवारी म्हणाली उजवा. बुधवारी माझ्यावरच चिडली. डॉक्टर म्हणाले, "कान हळूहळू गेला की माणसाला सांगता येत नाही. मी अंदाजावर हात लावणार नाही. जुन्या तपासण्यांचे आलेख आणा."

अहो, मी रेकॉर्ड रूमचा माणूस! छाती पुढे काढून गेलो. फाइल जागच्या जागी, नंबर घातलेला, दोरी बांधलेली. उघडली, तर आत अकरा कोरे कागद. कान तपासायच्या त्या काळच्या यंत्राचा तो गुळगुळीत कागद, त्यावरची छपाई कधीच उडून गेली होती. म्हणजे मी इतकी वर्षं कोरे कागद कुलपात ठेवत होतो आणि वर सही करत होतो.

बाई म्हणाल्या, "यंत्राच्या डिस्कवर मूळ नोंदी आहेत. पण त्या उघडणारा प्रोग्रॅम बनवणारी कंपनी बंद पडली." मग त्यांनीच शोध घेतला. कुणा परदेशी गृहस्थांनी या नोंदी वाचणारी एक लायब्ररी लिहून सगळ्यांसाठी खुली ठेवली होती. लायब्ररी म्हणजे दुसऱ्या प्रोग्रॅमला कामाला लागणारं तयार सामान, इतपत मला कळलं. पण आमच्या संगणकासाठी ते तयारही नव्हतं. फक्त सोर्स कोड. म्हणजे कपाट मागवलं आणि फळ्या, स्क्रू आणि एक कागद आला. जोडा तुमचं तुम्ही.

शुक्रवारी शस्त्रक्रिया होती, गुरुवारी दुपारपर्यंत कान ठरायला हवा होता. डॉक्टर आपल्याकडे वर्षातून तीनदाच येतात, त्यामुळे तारीख चुकली की चार महिने गेले. सोमवारी बाई बसल्या. आधी कागद वाचला. अर्थातच सगळा! मग संगणक स्वतःलाच विचारू लागला, हे आहे का, आहे. ते आहे का, आहे. अमुक आहे का, नाही. की बसला रुसून. ते अमुक आणावं, तर त्याला तमुक लागतं. लग्नाला एका मावशीला बोलावलं की तिच्या जावेलाही बोलवावं लागतं, तसला प्रकार. संध्याकाळपर्यंत सात जावा जमल्या.

मंगळवारी कम्पाइल, म्हणजे त्या फळ्यांचं कपाट जोडणं, सुरू झालं. पडद्यावरून ओळी अशा धावत होत्या की माझी नजर ठरेना. मधेच पिवळी ओळ आली की मी ओरडायचो, "बाई, बिघडलं!" त्या शांतपणे म्हणायच्या, "ती नुसती कुरकुर आहे. लाल आली तर सांगा." लाल आलीच नाही. अर्ध्या तासात काम फत्ते. मी टाळी वाजवली.

बाई म्हणाल्या, "आता चाचण्या."

मला सांगा, या सभागृहात कुणी आजवर चाचण्या चालवल्या आहेत? बटणं दाबायची, पुढे, पुढे, पुढे, संपलं, असंच ना आपण करतो? जोडलेलं सामान बरोबर चालतं का हे तपासायला त्या गृहस्थांनी सोबत दिलेल्या चारशे बारा चाचण्या होत्या. चारशे अकरा पास, एक नापास. एवढे मार्क मला शाळेत पडले असते तर ताईने गल्लीभर मिरवलं असतं. मी म्हणालो, "बाई, संगणकावर बसवून टाका." त्या म्हणाल्या, "नाही बसवणार."

मी थेट अधीक्षक साहेबांकडे गेलो. आठवतंय ना साहेब? साहेब स्वतः खाली आले. बाई उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लेखी हुकूम द्या साहेब. एक चाचणी नापास असताना बसवलं, एवढं मात्र त्यात लिहा." साहेबांनी खिशातून पेन काढलं, बघितलं, आणि परत खिशात ठेवलं.

बाईंनी त्या परदेशी गृहस्थांना पत्र लिहिलं. बुधवारी दिवसभर उत्तर नाही. मी दर तासाला दारात. गुरुवारी सकाळी उत्तर आलं. आपल्या जुन्या यंत्राच्या नोंदींत उजवा कान आधी असतो, नव्या यंत्रांत डावा. त्यासाठी कम्पाइल करताना एक पर्याय चालू करावा लागतो, आणि तो सूचनांत लिहायचा त्यांच्याकडूनच राहून गेला होता. शेवटी लिहिलं होतं, "आठ वर्षांत ही चाचणी वाचून मला पत्र लिहिणाऱ्या तुम्ही पहिल्याच." बाईंनी तो पर्याय चालू करून पुन्हा सगळं जोडलं. चारशे बारा पास. मग इन्स्टॉल केलं. ताईचे अकरा आलेख पडद्यावर आले. उजवा कान पंधरा वर्षांपूर्वीच गेला होता. डावा चार वर्षांपूर्वीपर्यंत ऐकत होता.

मंगळवारी माझं ऐकलं असतं, तर डावा तो उजवा दिसला असता. डॉक्टरांनी मेलेला कान उघडला असता, आणि आम्ही यंत्राला नावं ठेवत बसलो असतो.

अध्यक्ष महाराज, तुम्ही घड्याळ बघताय, आवरतो. मला बोलायची संधी दिलीत, आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, मनापासून आभारी आहे. भाषणात कमी-जास्त बोललो असेन तर पदरात घ्या, असं म्हणून आपण वक्ते मोकळे होतो. मला तसं सुटता येणार नाही. माझी चूक नेमकी आहे. त्या मंगळवारी तीन माणसांसमोर मी बाईंना म्हणालो होतो, "तुम्हाला माणसं कळत नाहीत, नुसते नियम कळतात." वर्ष झालं. रोज जिन्यात भेटतो, नमस्कार करतो, आणि ते वाक्य परत घ्यायचा धीर होत नाही. बाई, उद्यापासून तुम्ही जिन्यात भेटणार नाही. म्हणून सगळ्यांसमोर सांगतो. मी चुकलो. मला माफ करा!

काय? कोण बोललं? ताई, तू?

मंडळी, मागच्यांना ऐकू आलं नसेल. तिसऱ्या रांगेतून माझी ताई म्हणतेय, "अरे, ओरडतोस कशाला? ऐकू येतंय मला."