तक्रारीपुढचं कारण

(परभणी, १९९३. जनावरांच्या दवाखान्यातली खोली, दुपार. अण्णाराव कॉम्प्युटरसमोर. पेडगावहून आलेली थोरली बहीण नागुबाई डबा उघडून बसलेली.)

नागुबाई : आरं, पुन्हा कुईं केलं बग त्यानं! भाकर खाऊ देतंय का न्हाई तुला?

अण्णाराव : माझा प्रोग्राम तपासायलंय, आक्का. जनावराचं वजन टाकलं की जंताच्या औषधाचा डोस सांगणारा. उद्या तुमच्या पेडगावला शिबिर हाय ना? कॉम्प्युटरच न्यायचाय जीपमधून.

नागुबाई : म्हंजी माज्या कपिलीच्या वासराला बी ह्योच सांगणार?

अण्णाराव : त्याला बी.

नागुबाई : आन् तुजं तपासायलंय कोण?

अण्णाराव : दुसरा प्रोग्राम. पुण्याच्या दोस्तानं फ्लॉपीत दिला, फुकट. बनवणाऱ्यानं आतलं सगळं उघडं ठेवलंय. माझं चुकलं तर तुमीच दुरुस्त करा म्हणतो.

नागुबाई : चुकतंय व्हय त्ये?

अण्णाराव : लय! हे बघ. म्हणतंय, 'इथं शून्यानं भागाकार होईल.' मी भागायला पक्का दहा ठेवलाय. शून्य येईल कुठून? सकाळपासून असंच चाललंय.

नागुबाई : मग दाब की त्याचं तोंड एकदाचं! वासरू उद्या यायचंय माजं.

अण्णाराव : दाबता येतंय. पण दोस्तानं बजावलंय, एकेक तक्रार बंद करायची, अन् प्रोग्रामातल्या त्या ओळीपुढं कारण लिहायचं. सकाळपासून तेच करायलोय.

नागुबाई : कुनाला दावायला?

अण्णाराव : माझ्यानंतर इथं जो बसल त्याला. लिहिलं बघ, 'भाजक पक्का दहा.' झालं गप्प. आता ही पुढची... 'वजनाची जागा रिकामी राहू शकते.' उगंच काहीतरी!

नागुबाई : हिचं काय कारण लिवतूस?

अण्णाराव : 'वजन नेहमी...' थांब.

नागुबाई : का रं? हात का थांबला?

अण्णाराव : गर्दीत वजन टाकायचंच राहिलं तर काय होईल, ते बघायलोय.

नागुबाई : काय होईल?

अण्णाराव : आधीच्या जनावराचं वजन तसंच राहतंय, आक्का. आधी बैल आला असला, तर बैलाचा डोस वासराला.

नागुबाई : आगं माय माय! आन् तू तोंड दाबायला निगालास?

अण्णाराव : तूच म्हणालीस की!

नागुबाई : मला काय कळतंय त्यातलं? तुला तर कळतंय ना?

अण्णाराव : भ्यालो बघ मी बी. थांब... हां. आता वजन नसलं तर डोसच सांगणार न्हाई. बघ, ती तक्रार आपसूक गेली.

नागुबाई : बरं झालं. खा आता.

अण्णाराव : दे.

नागुबाई : अण्णा, सकाळधरनं जी कारणं लिवून त्याला गप केलंस...

अण्णाराव : हां, त्याचं काय?

नागुबाई : ती वाच बरं एकेक. मी ऐकायलेय.