बाविसावा किल्ला

प्रतिभा : थांबू नकोस मुस्तकीम. ‘तिन्ही बाजूंनी समुद्र’पासून पुन्हा घे.

मुस्तकीम : बाई, ‘समुद्र’ येतच नाहीये. ‘स’ येतो, पुढे नुसती हवा. चार टेक झाले.

प्रतिभा : मग पाचवा.

मुस्तकीम : आधी दोन घोट घ्या. फलकनं थर्मास भरून दिलाय, मध घालून.

प्रतिभा : मधानं आता काय होणार? पण तुझ्या बायकोला सांग, छान झालंय म्हणून. किती वाजले?

मुस्तकीम : साडेतीन.

प्रतिभा : पाचला हॉस्पिटलात दाखल व्हायचंय. रिक्षानं पंधरा मिनिटं. म्हणजे सव्वा तास आहे हातात. एका किल्ल्याला पुरे.

मुस्तकीम : आवाज चांगला होता तेव्हा पुरे होता, बाई. आज अर्ध्या तासात एक वाक्य झालं नाही.

प्रतिभा : लाव रेकॉर्डिंगचा दिवा. “नमस्कार मंडळी. आपण उभे आहोत स्कॉटलंडच्या पूर्व किनाऱ्यावर, डनॉटरच्या किल्ल्यासमोर. दीडशे फुटांचा उभा कडा. आपल्या हरिहर गडाची आठवण यावी असा. आणि तिन्ही बाजूंनी सम... सम...” थांब. खोकला येतोय.

मुस्तकीम : बाई. रुमाल बघू.

प्रतिभा : काही नाही त्यात.

मुस्तकीम : लाल आहे.

प्रतिभा : असू दे. उद्या सकाळी आठला कापून काढतायत ना स्वरयंत्र, मग आज त्याला जपून काय करू? लोणचं घालू?

मुस्तकीम : आठवीत मला उभं करून धडा वाचायला लावायचात. मी अडखळलो की म्हणायचात, बस खाली, उद्या वाच. एकदासुद्धा ओरडला नाहीत. तुम्हीच बसा ना आता खाली.

प्रतिभा : तुला उद्या होता रे.

भाग्यश्री : दार उघडा! दिवा लाल असो नाहीतर हिरवा, मी आत येतेय.

मुस्तकीम : या ताई. सावकाश. दोन जिने चढून आलात या अवस्थेत? फोन केला असता तर मी खाली आलो असतो.

भाग्यश्री : फोन! बारा वेळा केला. आई, तू मला म्हणालीस दुपारी झोपणार आहेस. मी अंबडच्या ऑफिसातून अर्धी सुट्टी टाकून घरी येते, तर कुलूप. शेजारच्या सगुणाबाई म्हणाल्या, बॅग घेऊन गेल्या. मी सरळ हॉस्पिटलला गेले! तिथे काउंटरवर तुझं नाव नाही. सातवा महिना आहे आई मला. माझं काय झालं असेल तिथे, कल्पना आहे?

प्रतिभा : बस आधी. पाणी दे रे तिला.

भाग्यश्री : नको मला पाणी. हे रक्त आहे का रुमालावर?

प्रतिभा : थोडं.

भाग्यश्री : आणि मुस्तकीमदादा, तुम्ही हे चालू ठेवलंत?

मुस्तकीम : मी नको म्हणत होतो, ताई. पण बाईंना नाही म्हणायची सवय नाही हो मला. माझी चूक आहे.

प्रतिभा : त्याची काही चूक नाही. एकवीस किल्ले झालेत, एक राहिलाय. अर्धवट काम मी कधी सोडलेलं नाही.

भाग्यश्री : पिंपळगावचे सोळा द्राक्ष बागायतदार एप्रिलमध्ये स्कॉटलंड बघायला जाणार, त्यांच्या कानात मराठीतून गोष्टी पाहिजेत म्हणून तू हे करतेयस. आई, त्या टूरवाल्याला दुसरी कुणीही मिळेल.

प्रतिभा : मिळेल. माहितीये मला.

भाग्यश्री : मग? मी तुला यादी दिली होती. आठ दिवस झाले. स्पीच थेरपिस्टनं स्वतः सांगितलं, ऑपरेशनच्या आधी घरच्यांसाठी काय बोलून ठेवायचं ते ठेवा. रोजची वाक्यं. मला हाक. बाळासाठी काहीतरी. दहा ओळी होत्या आई, दहा! तुझा आवाज आज रात्रीपर्यंत आहे आणि तू तो तिकडच्या राजांवर उधळतेयस!

प्रतिभा : ओरडू नकोस. पोटावर ताण येतो.

भाग्यश्री : बाबा गेले तेव्हा काय राहिलं आपल्याकडे? फोनमधला एक व्हॉइस मेसेज. ‘येताना दूध आण.’ तोसुद्धा फोन बदलताना गेला. सहा वर्षं मी आठवायचा प्रयत्न करतेय बाबा ‘भागू’ कसं म्हणायचे ते. नाही आठवत. चेहरा आठवतो, चष्मा आठवतो, आवाज येत नाही. आता तुझंही तसंच होऊ देऊ?

प्रतिभा : यादी माझ्या पर्समध्येच आहे.

भाग्यश्री : पर्समध्ये ठेवायला दिली होती का?

प्रतिभा : केला होता प्रयत्न. मंगळवारी. बाथरूममध्ये फोन घेऊन बसले, तुला ऐकू जाऊ नये म्हणून नळ सोडला. “बाळा, मी तुझी आजी,” एवढं म्हणाले. पुढचं काही येईना. बुधवारी परत बसले. तेच. किती वेळा पुसलं मी ते. आणि बाळाला हाक मार म्हणतेस, कुठल्या नावानं मारू? नाव कुठे ठेवलंय अजून?

भाग्यश्री : आई...

प्रतिभा : हे वाचताना रडू येत नाही ग. राजा मेला, किल्ला पडला, तारीख सांगायची, पुढे जायचं. तुझी यादी हातात घेतली की मी मेल्यासारखं वाटतं. जिवंतपणी स्वतःच्या दहाव्याला बोलल्यासारखं. नाही जमत मला. तीस वर्षं हजार माणसांसमोर माइकवर बोलले, द्राक्ष परिषदांचं सूत्रसंचालन केलं, मंत्र्यांना गप्प बसवलं. आणि दहा ओळी जमत नाहीत.

भाग्यश्री : रडू नकोस. रडलीस की अजून बसतो घसा. मुस्तकीमदादा, एक सांगा. दोन महिने आई इथे येतेय. मधे मधे बोलली असेल ना? माझा फोन यायचा रोज, इथूनच बोलायची. ते असेल ना कुठेतरी?

मुस्तकीम : ताई...

भाग्यश्री : हसलेली असेल. तुम्हाला रागावलेली असेल. काहीही चालेल मला.

मुस्तकीम : दर सोमवारी संध्याकाळी साफ करतो आम्ही. खोकला, पाणी पिणं, फोन, गप्पा. कचरा म्हणतो त्याला. नुसते किल्ले ठेवले. निवडणुकीची कामं आली होती, रिक्षावर भोंगे लावून फिरवतात त्या जाहिराती. जागा नव्हती डिस्कवर.

भाग्यश्री : सगळं पुसलं?

मुस्तकीम : या मंगळवारच्या आधीचं सगळं.

भाग्यश्री : म्हणजे चांगला आवाज होता तेवढं सगळं.

मुस्तकीम : मला काय माहीत होतं, ताई? बाई म्हणायच्या, सर्दीनं बसलाय. कालपर्यंत मला ऑपरेशनचं सांगितलंच नव्हतं. काल रात्री कळल्यावर मी ती डिस्क घेऊन कॉलेज रोडच्या माणसाकडे गेलो, पुसलेलं परत काढून देतो तो. नाही निघालं. त्याच्यावर पुन्हा पुन्हा दुसरं भरलं गेलंय. अल्लाची शपथ, झोपलो नाही मी.

प्रतिभा : तू कशाला मनाला लावून घेतोस?

मुस्तकीम : एकवीस किल्ले आहेत, ताई. तुमच्यासाठी कॉपी करून ठेवलेत. त्यातले पहिले पंधरा तर अस्सल बाईंचा आवाज.

भाग्यश्री : किल्ले घेऊन काय करू मी? त्यात मी कुठे आहे? “नमस्कार मंडळी.” मंडळी नाहीये मी!

प्रतिभा : भागू.

भाग्यश्री : काय?

प्रतिभा : किती वाजले?

भाग्यश्री : चार वाजून पाच. चल. आपण जाऊ. जे झालं ते झालं.

प्रतिभा : अर्धा तास दे मला. तुला सांगते हा शेवटचा.

भाग्यश्री : मला?

प्रतिभा : मंडळींना नाही. तुला. कागद बाजूला ठेवते हा. तू लहानपणी धरायचीस तसा हात धर.

मुस्तकीम : बाई, जोर लावू नका. माइक काढून देतो, हातात धरा, ओठांजवळ. कुजबुजलात तरी येईल. ताई, हे हेडफोन घाला तुम्ही. लावला दिवा.

प्रतिभा : भागू, एक किल्ला आहे. डनॉटर. समुद्रात शिरलेल्या कड्यावर. आपला रामशेज जसा वर्षानुवर्षं झुंजला ना, तसा. पावणेचारशे वर्षांपूर्वीची गोष्ट. तिकडे क्रॉमवेल म्हणून एकानं राजाचं डोकं उडवलं होतं, राजे नकोतच म्हणाला.

भाग्यश्री : मग?

प्रतिभा : मग त्याचं सैन्य स्कॉटलंडवर आलं. स्कॉटलंडचा मुकुट, तलवार, राजदंड, सगळं या किल्ल्यात लपवलेलं. आत मूठभर माणसं. बाहेर तोफा. किल्ला पडणार हे सगळ्यांना दिसत होतं. आज नाही तर उद्या.

भाग्यश्री : जास्त ताणू नकोस.

प्रतिभा : नाही ताणत. जवळ किनेफ म्हणून गाव. तिथल्या चर्चमधल्या धर्मगुरूची बायको, ग्रेंजरबाई. साधी बाई. ती शत्रूच्या सेनापतीकडे गेली, म्हणाली, किल्लेदाराची बायको माझ्या ओळखीची आहे, भेटून येते. सोडलं त्यानं. येताना... येताना तिनं मुकुट झग्याखाली, पोटाशी बांधला. वर शाल.

भाग्यश्री : पोटाशी?

प्रतिभा : हो. आणि मोलकरणीच्या डोक्यावर सुताचं गाठोडं, त्यात तलवार आणि राजदंड. सगळ्या छावणीतून चालत आली, भागू. सैनिक दोन्ही बाजूंना. दंतकथा अशी आहे की खुद्द सेनापतीनं हात देऊन तिला घोड्यावर बसवलं.

भाग्यश्री : त्याला कळलं नाही?

प्रतिभा : बाईच्या पोटाकडे कोण बघतं? अवघडलेली असेल, वाटलं असेल त्याला. आता तुला दोन जिने चढायला किती जड गेलं, सांग.

भाग्यश्री : खूप. मधे बसले मी एकदा.

प्रतिभा : तिला बसायचीही सोय नव्हती. घरी पोचली. रात्री नवराबायकोनं चर्चची फरशी उचलली आणि खाली पुरलं सगळं. किल्ला पडला, सैनिकांनी कोपरा न् कोपरा धुंडाळला. रिकामा. मग या दोघांना धरलं. छळलं. बाईनं तोंड... तोंड...

भाग्यश्री : उघडलं नाही.

प्रतिभा : नाही उघडलं. थांब, श्वास घेते.

मुस्तकीम : घ्या बाई. चालू आहे. घाई नाही.

प्रतिभा : आठ वर्षं. दर काही महिन्यांनी दोघं रात्री फरशी उचलायचे. मुकुट बाहेर काढायचे, शेकोटीजवळ धरायचे. ओल लागून खराब होऊ नये म्हणून. कोरड्या कापडात गुंडाळून परत ठेवायचे. पुढे त्या राजाचा मुलगा गादीवर आला, तेव्हा दिला परत. आजही आहे तो, एडिंबरोच्या किल्ल्यात. काचेच्या पेटीत.

भाग्यश्री : आणि ती?

प्रतिभा : तिला बक्षीस जाहीर केलं, आभार मानले. पुस्तकात तेवढंच आहे. पण मला सारखं वाटतं, त्या आठ वर्षांत तिनं एकदा तरी तो डोक्यावर घालून बघितला असेल. नवरा झोपल्यावर.

भाग्यश्री : मी तरी बघितला असता.

प्रतिभा : तू तर... तू तर आरशासमोर... दोन तास... भागू, आता नाही... नाही येत.

भाग्यश्री : पुरे, पुरे. बोलू नकोस. संपली ना गोष्ट? संपली. मान हलव नुसती. हां.

मुस्तकीम : संपली, बाई. बाविसावा झाला.

भाग्यश्री : पण हा त्या टूरवाल्याला कसा चालेल? सगळीकडे मी बोललेय मधे मधे. श्वास आहे, खोकला आहे.

मुस्तकीम : त्याला सांगतो एकवीसच झाले म्हणून. हा त्याचा नाहीच. बाई, ठीक आहे ना? मान हलवून हो म्हणाल्या. ताई, हा तुम्हाला आत्ताच फोनवर देतो, आणि माझ्याकडे तीन ठिकाणी ठेवतो. एक फलकजवळ. काही पुसणार नाही यातलं.

भाग्यश्री : काय लिहितेयस आई? दाखव. “बाळाचं नाव ठेवलं की मला आधी लिहून पाठव.” अगं, तू शेजारच्या खोलीत असशील, पाठवायचं काय? बरं. बरं, पाठवीन. चल आता. साडेचार झाले. बॅग कुठेय?

मुस्तकीम : मी घेतो बॅग. पण अर्धं मिनिट बसा दोघी. खोलीची शांतता रेकॉर्ड करून घ्यायचीय. शब्दांच्या मधे लागते ती भरायला. कुणी बोलायचं नाही, हलायचं नाही.

(अर्धं मिनिट.)

भाग्यश्री : दादा, शांतता कुठे आली? हेडफोनमध्ये आईचा श्वास ऐकू येतोय.

मुस्तकीम : हो, मलाही येतोय.

भाग्यश्री : मग परत घ्यायची?

मुस्तकीम : नको ताई. हीच ठेवू.