नखाएवढ्या चिपमधला रस्ता

शपथेवर सांगतो, यातला शब्दन्शब्द खरा आहे, मी स्वतः तिथे बसलो होतो. म्हणजे बसलो नव्हतो, पण ऐकलंय पक्कं.

पळस्प्याच्या दामूशेठच्या मुलीला बघायला खारघरचा एक इंजिनीयर आला. दामूशेठला पहिल्यापासून संशय.

“काम काय करतोस?”

“वायरलेस चिपच्या प्रत्येक कोपऱ्यात तिच्या आतल्या घड्याळाचा ठोका एकाच क्षणी पोचवतो. सेकंदाला अब्जावधी ठोके.”

“चिप केवढी?”

“नखाएवढी.”

“मंग पोचवायचं काय? पोचलेलाच हाय की!”

“काका, ठोक्याच्या तारा जागा खातात, वीज खातात. मी त्या आखूड करतो.”

दामूशेठ मुलीला म्हणाला, “याला नोकरी नाय. पोहे उचल.”

पोरगी पोहे उचलेना. मुलानं घाईघाईनं कागदावर तारांचा नकाशा काढला. आयुष्यभर जमिनीचे नकाशे बघितलेला दामूशेठ पुढे सरकला.

“म्हंजे रस्ते कमी केलेस, जागा वाचवलीस?”

“हो.”

“आनि नकाशा पास झाला?”

“पहिल्या फेरीत.”

दामूशेठनं डोळे बारीक केले. “कोनाला किती चारलंस?”

“कुणालाच नाही.”

“मंग तर नक्कीच खोटं बोलतोय!”

लग्न झालं. सासरा अजून जावयाकडे तिरकाच बघतो.

यात बनवलेलं एवढंच, की दामूशेठ नावाचा कुणी नाही. पोरगी माझी आहे.