चोवीस सरळ रेघांचा गोल

समारंभाचे अध्यक्ष आणि आमच्या फर्निचरच्या कारखान्याचे मालक आदरणीय धर्मेंद्रजी, दुर्गहून अगत्यानं आलेल्या प्रमुख पाहुण्या मोनालीताई, आजचे सत्कारमूर्ती कृष्णराव दुरुगकर मिस्त्री, म्हणजे आम्हा सगळ्यांचे काका, त्यांच्या शेजारी संकोचून बसलेल्या रुक्माकाकू, आणि सेक्टर दहाच्या या हॉलमध्ये जमलेल्या माझ्या बंधू-भगिनींनो,

मी यामिनी, डिझाइन सेक्शनमधली. काकांच्या गौरवाचं दोन पानांचं भाषण लिहून आणलं होतं. ते पर्समध्येच राहू द्या. बुधवारपासून माझं डोकं ठिकाणावर नाही, हे आधीच सांगून टाकते.

पाहुण्यांसाठी थोडं सांगते. वर माझ्या खोलीत मी कॉम्प्युटरवर चित्र काढते, खाली मशीन त्याबरहुकूम लाकूड कापते, मग पॉलिश, मग गोडाऊन. चार वर्षांत मशीनवरून नुकताच उतरलेला माल मी एकदाही हातात घेतला नव्हता. पॉलिशनंतर बघायचा आणि खुश व्हायचं! गोल टेबलं, कमानी, कुठे बोट अडकेल तर शपथ. मागच्या वर्षी याच माइकवर मला त्याचं प्रमाणपत्र मिळालं. टाळ्या तुम्हीच वाजवल्या होत्या.

मग दोन महिन्यांपूर्वी धर्मेंद्रजींनी लेखी विचारलं, मशीनच्या मालाला हाताच्या फिनिशिंगची गरज आहे का? मी एका ओळीत लिहिलं, "नाही." खाली झोकात सही केली. त्या ओळीवर हातकामाच्या मिस्त्रीची, म्हणजे काकांची, जागा बंद झाली आणि आजचा हा समारंभ ठरला. काका स्वतःहून निवृत्त होत नाहीयेत, मंडळी. हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत होतं?

सोमवारपासून काका उरलेल्या सुट्ट्या संपवायला घरी होते. बुधवारी एक गोल जेवणाचं टेबल निघायचं होतं. गिऱ्हाईकाची घाई, म्हणून मी स्वतः खाली गेले. मशीनवरच्या फळीकडे पाहिलं आणि, अगं बाई! गोल कुठला? कडेला नुसते कोपरे! बोट ठेवून मोजले. चोवीस.

आमचं सॉफ्टवेअर खरा गोल काढतच नाही. सरळ रेघा एकाला एक जोडून गोलाचं सोंग आणतं, आणि आपण बदललं नाही तर त्या रेघा चोवीस. पडद्यावर कोपरे झाकायची एक सोय आहे. ती दाबली की सगळं गुळगुळीत दिसतं. दिसतं, बरं का! मशीनला काय त्याचं? तिनं मुकाट चोवीस सरळ काप मारले. हे मला कॉलेजात पहिल्या वर्षाला शिकवलं होतं हो! तरी मी पडद्यावर भरवसा ठेवून बसले.

मशीन चालवणाऱ्या शुभंकरवर मी ओरडले, "मशीन बिघडली का रे?" तो शांतपणे म्हणाला, "मॅडम, माल तर रोज असाच निघते. फिर काका अंदर ले जाते हैं न, रंधा मारने."

रोज! चार वर्षं! माझे डोळे पांढरे झाले. सगळं कौतुक मी दुसऱ्याच्या ओंजळीनं प्यायले होते, आणि ज्याची ओंजळ त्यालाच घरी पाठवलं होतं.

तशीच स्कूटी काढली आणि मरोद्याला काकांच्या घरी गेले. दारातच रडायला लागले. "काका, मले सांगितलं कावून नाही?"

काका म्हणाले, "पहिल्या टेबलाच्या टायमाले तुयी नोकरी नवी होती. म्हटलं, पोरीचं नाव कावून खराब कराचं? एकडाव रंधा मारून देऊ. मंग दुसरं आलं, तिसरं आलं. मंग सांगाची वेळच निघून गेली." पुढे म्हणाले, "अन् खरं सांगू का? मशीन आली तवापासून माह्या हाताले कामच नव्हतं. तुया चुकीनं मले काम भेटत होतं. मी कायले सांगू?"

आतून काकू म्हणाल्या, "सोमवारपासून घरच्या चौकटीवरून हात फिरवून राहिले. रात्री जेवत नाही धड."

आता तुमच्यातले हुशार लोक म्हणतील, आकडा वाढव की बाई! वाढवला. गुरुवारी चोवीसचे शहाण्णव केले. कॉम्प्युटर दोनदा बंद पडला, पण टेबल निघालं. डोळ्याला अगदी गोल! मी मनात म्हटलं, देवा, माझा रिपोर्ट आता खरा ठरतो की काय. पहिल्यांदाच माझं काम चांगलं झालं याची मला भीती वाटली. शुभंकरला घेऊन टेम्पोतून ती फळी मरोद्याला नेली. काकांनी डोळे मिटले, तळवा कडेवर ठेवला आणि एक फेरी मारली. म्हणाले, "लयच बारीक झाले, पण आहेत." मी हात फिरवला, मला काही कळेना. त्यांनी माझं बोट धरून ठेवलं, तेव्हा कोपरा लागला. म्हणाले, "पॉलिश मारलं का उजेडात चमकते हे."

तेव्हा धर्मेंद्रजी, गरज आहे. माझी ती ओळ चुकीची होती, हे मी काल लेखी तुमच्या टेबलावर ठेवलं. तुम्ही म्हणालात, "अब तो हार भी आ गए, यामिनी." हार काय, उद्या देवाला घालता येतील. माझं प्रमाणपत्र मी सोबत आणलंय, ते परत घ्या. आणि नोकरीत आम्हा दोघांपैकी एकालाच ठेवायचं असेल, तर निदान चूक कोणाची होती ते बघून ठरवा.

आपण सर्वांनी ऐकून घेतलंत, मोनालीताईंनी घड्याळ न बघता ऐकलं, त्याबद्दल आभार मानते. बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर पोटात घाला, असं म्हणायची रीत आहे. माझं कमी-जास्त बोलण्यात झालेलं नाही, लिहिण्यात झालंय, आणि त्याची क्षमा मी सभागृहाकडे नाही, एकाच माणसाकडे मागते. काका, आता तुमचं नाव पुकारतील, शाल-श्रीफळ पुढे करतील. तुम्ही खुर्चीवरून उठू नका.